तिघांच्या मंडळातले दोघे

ड्राय फोर्क खोऱ्याच्या अग्निशमन मंडळात सदस्य तीनच. त्यामुळे त्यातले दोघे कुठेही भेटले आणि मंडळाच्या कामाविषयी बोलले, की कायद्याने ती सभाच होते. आणि लोकांना आगाऊ न कळवता घेतलेली सभा बेकायदा. शहरातल्या लोकांना असले नियम सुचतात. इथे अख्ख्या खोऱ्यात एक दुकान, एक चर्च, एक पोस्ट. दोन सदस्य समोरासमोर आले की हवापाण्यावर बोलावं, तर उन्हाळ्यात हवापाणीसुद्धा मंडळाचंच काम! म्हणून नुसती मान हलवायची आणि पुढे जायचं. लॉर्ना हॅगर्टी अकरा वर्षं अशी मान हलवत आली होती.

त्या मंगळवारी मात्र ती सरळ मंडळातल्या दुसऱ्या सदस्याच्या, कर्टिसच्या, मेंढवाड्यावर गेली. गाडीतून उतरताना तिनं रस्त्याकडे दोनदा वळून पाहिलं. आयुष्यात कधी काही लपवलं नसलं की माणसाला लपवणं जमतही नाही.

प्रश्न गाड्या चालवणाऱ्यांचा होता. मंडळाचे सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही. जो गाडी चालवेल त्यानं दरवर्षी डॉक्टरकडून तपासून घ्यावं, नापास झाला तर स्टिअरिंगवर बसू नये, असा ठराव अध्यक्ष बर्डीबाईंनी मांडला होता. कर्टिसचा विरोध होता. आधीच माणसं अकरा, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. डॉक्टरांच्या नादी लागलो तर आग विझवायला मेंढ्या पाठवायच्या का, असं तो मागच्या सभेत म्हणाला होता आणि लोक हसले होते. सगळ्यात मोठ्यानं हसला होता लॉर्नाचा नवरा मर्ल. एकतीस वर्षं तो तीन हजार गॅलनचा पाण्याचा टँकर चालवत होता.

एप्रिलमध्ये मर्लची पिकअप रस्ता सोडून गव्हाच्या शेतात शिरली होती. लॉर्ना शेजारीच बसली होती. काही क्षण डोळे उघडे असूनही मर्ल तिथं नव्हताच. मग भानावर आला आणि म्हणाला, हरिण आडवं आलं. रस्त्यावर हरिण नव्हतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, त्यानंही विषय काढला नाही. त्या दिवसापासून सायरन वाजला की टँकर परतेपर्यंत ती दारातच उभी राहायची. घाटाच्या वळणांवरून भरलेला टँकर उतरतो, आणि पुढे पायपांच्या जोडण्या लावत शेजारपाजारचीच पोरं उभी असतात.

हे सगळं तिनं कर्टिसला कुंपणापाशी उभ्यानं सांगितलं. तिचा हिशोब साधा होता. कर्टिस फिरला, तर बर्डीबाई आणि तो मिळून दोन मतं होतात. मग घरचा प्रश्न म्हणून तिला मत न देता बाजूला बसता येईल. ठरावही होईल आणि मर्लला कधी कळणारही नाही की त्याला टँकरवरून बायकोनंच उतरवलं. कर्टिस टोपी हातात धरून ऐकत राहिला. 'बघतो,' एवढंच म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी सातला गाड्यांच्या शेडमध्ये सभा भरली. घडीच्या खुर्च्यांवर चौदा माणसं होती. दुसऱ्या रांगेत मर्ल, हातात कॉफी. ठराव पुकारला गेला तसा कर्टिस उठला. बसूनच बोलायचा रिवाज असल्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या.

'बर्डीबाई, आधी एक लिहून घ्या,' तो म्हणाला. 'मंगळवारी माझ्या वाड्यावर मी आणि लॉर्ना या ठरावावर बोललो. ते चूक झालं. दोष माझाही आहे, मी तिला थांबवलं नाही. माझं मत तिथं फिरलं. पण जे इथं सगळ्यांसमोर ऐकलं नाही, त्यावर मी मत देणार नाही. मी तटस्थ.'

बर्डीबाईंनी अर्ध्या खोऱ्याला शाळेत शिकवलेलं. त्यांनी चष्म्यावरून लॉर्नाकडे पाहिलं. ठरावाला दोन मतं लागत होती आणि आता दुसरं तिचंच उरलं होतं. तिनं टाळायला जे जे केलं ते सगळं तिच्याच पुढ्यात येऊन बसलं होतं. कर्टिसचा तिला राग आला, आणि तो वागला तेच बरोबर होतं याचा त्याहून जास्त. मर्लकडे बघायची तिची हिंमत होईना.

'मतदानाआधी कुणाला काही बोलायचंय?' बर्डीबाईंनी विचारलं. 'नाव, पत्ता सांगायचा. तीन मिनिटं.'

मर्लनं कॉफी खाली ठेवली. 'मर्ल हॅगर्टी. राहायला जुन्या गिरणीच्या रस्त्यावर, तिच्याच घरात,' तो म्हणाला. एकदोघं हसली. 'ती कर्टिसला काय म्हणाली असेल ते मला माहितेय. एप्रिलमध्ये हरिण नव्हतं. आणि जूनमध्ये मी कालव्यापाशी टँकर थांबवून बसलो होतो, तिथं कसा पोचलो ते मला आजही सांगता येत नाही. हे मी तिला बोललो नाही. ती मला बोलली नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि एकमेकांना सांगायला सभा बोलवावी लागली.'

तो लॉर्नाकडे वळला.

'लॉर्ना, बाजूला बसू नकोस. आज हा ठराव पडला तर उद्या सायरन वाजल्यावर मी जाणार. मला माहितेय मी जाणारच. मला आपणहून थांबता येणार नाही गं.'

तो खाली बसला. बर्डीबाईंनी मतं पुकारली. स्वतःचं 'हो' सांगितलं, कर्टिस तटस्थ, आणि मग, 'लॉर्ना हॅगर्टी?'

लॉर्ना नवऱ्याकडे बघत होती. तिनं 'हो' म्हटलं. निदान ओठ तरी हलले.

'ऐकू आलं नाही,' बर्डीबाई हळूच म्हणाल्या. पेन कागदावर टेकलेलं होतं. 'इतिवृत्तात जायचंय, बाळ. पुन्हा सांग.'

आणि तिनं ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.