पूर्वेचा डबा, पश्चिमेचा डबा

मोजणीदाराकडे पत्र्याचे दोन डबे होते. एकाच्या झाकणावर खिळ्याने उगवता सूर्य कोरलेला, दुसऱ्याचं झाकण कोरं. सूर्याचा डबा तळ्याच्या पूर्वेकडचा, कोरा पश्चिमेकडचा. दहा पक्षी दिसले की डब्यात एक खडा टाकायचा आणि शेवटी खडे मोजून वहीत आकडा लिहायचा. सव्वीस हिवाळे त्याने असेच चमचे मोजले होते.

चमचे म्हणजे पांढरेशुभ्र, उंच पायांचे, पळीसारख्या चपट्या चोचीचे पक्षी. कार्यालयातला कारकून दर वर्षी तोच विनोद करायचा, की तुमच्याकडे कमी पडले तर सांगा, साहेबांच्या खोलीबाहेर बरेच उभे असतात, त्यातले पाठवून देतो. मोजणीदार दर वर्षी हसायचा. त्याचा कागद पुढे सरकवणारा माणूस तोच होता, न हसून सांगतो कुणाला.

म्हणायचं अभयारण्य, पण अरण्याचा तिथे पत्ता नव्हता. होतं ते एक पसरट, उथळ तळं, मधोमध कमरेसारखं आवळलेलं. पूर्वेच्या अंगाला चिखल, गुडघाभर पाणी आणि दाट लव्हाळं. चमचे तिथेच झोपायचे, तिथेच अंडी घालायचे. पश्चिमेला नुसतं मोकळं पाणी. मोजणीची पद्धत पहिल्याच साहेबांनी ठरवून दिली होती आणि ती चौकीच्या भिंतीवर टांगलेली होती. सूर्य उगवताना पूर्वेच्या मनोऱ्यावरून मोजायचं, मग लगेच नावेत बसून, तळ्याच्या त्या आवळलेल्या कमरेतून वल्हवत पलीकडे जायचं, आणि पश्चिमेचं मोजायचं. नाव एका माणसाची. दुसऱ्या माणसाची जागा मंजूर होती, पण सव्वीस वर्षांत तिथे माणूस काही आला नाही.

दोन वर्षांपूर्वी आराखडेवाल्या मॅडम आल्या. पुढच्या वीस वर्षांत अभयारण्याचं काय करायचं याचा आराखडा करायचं काम त्यांच्याकडे होतं. चौकीतल्या मोडक्या खुर्चीवर बसून त्यांनी त्याच्या सगळ्या वह्या मागितल्या. तोवर त्या वह्या उंदरांखेरीज कुणी चाळल्या नव्हत्या. मॅडमनी त्या ओढणीत गुंडाळून बाळंतिणीचं मूल न्यावं तशा नेल्या, आणि परत आणून देताना म्हणाल्या, की काका, अख्खा आराखडा तुमच्या वह्यांवर उभा आहे. मोजणीदाराने ते वाक्य घरी इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी बायको म्हणाली, आता तो आराखडा एकदा भिजत घाला नि धुऊन वाळत टाका, फार मळलाय.

आराखड्याचा नकाशा मात्र त्याने नंतर पाहिला. पूर्वेच्या अंगावर तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. तिथे भराव घालून रस्ता आणि गोदामांचं आवार व्हायचं होतं. मॅडमनी काही लपवलं नाही. वरून तर अख्खं तळं मागत होते, त्या म्हणाल्या. तुमचे आकडे दाखवून दाखवून निम्मं तरी वाचवलं. निम्मे चमचे आजच पश्चिमेला असतात हे तुमची वहीच सांगते. तिकडे लव्हाळं लावू, चिखलाची बेटं करू, पाच वर्षांत उरलेलेही तिकडे सरकतील. आता एकच करायचं राहिलंय. या हिवाळ्याची मोजणी आणि खाली तुमची सही. आकडा पाचशेच्या वर असला पाहिजे, कारण पाचशेच्या खाली गेलं की अभयारण्यांच्या यादीतून नावच जातं.

गेल्या वर्षीचा आकडा साडेसहाशेच्या घरात होता. मोजणीदाराने मनाची समजूत घातली. निम्मं तर निम्मं.

त्या हिवाळ्यात त्याला मधूनच चक्कर यायची, म्हणून मोजणीच्या सकाळी बायको बरोबर निघाली. एवढ्या वर्षांत ती कधी तिकडे फिरकली नव्हती. चमच्यांना ती सवती म्हणायची. आज बघतेच, काय एवढं रूप आहे त्या सवतींचं, असं म्हणत ती कमरेवर हात ठेवून मनोरा चढली. नावेत बसायला मात्र तिने साफ नकार दिला. तुम्ही जा, मी वरून नजर ठेवते, बुडलात तर कुणाला तरी सांगायला मी लागेनच की.

पूर्वेला एकतीस खडे पडले आणि वर नऊ पक्षी. तीनशे एकोणीस. मग तो नावेत बसला. वल्हवणारा माणूस जायचं त्या दिशेला पाठ करून बसतो. मोजणीदाराचं तोंड मनोऱ्याकडे, पाठ पश्चिमेकडे. कानाने आधीच थोडं कमी, त्यात वल्ह्यांची करकर. तो आपला तालात चालला होता. तासाभरात पश्चिमेला तीनशे बारा भरले. दहाच्या सुमाराला परत येऊन तो मनोऱ्याच्या पायरीवर टेकला, आणि बायकोने थर्मासमधला चहा पुढे केला. तो खुशीत होता. सहाशे एकतीस, म्हणजे घोडं काही अडत नव्हतं. तो म्हणाला, की यंदा गंमत आहे, एक पाय लोंबणारा चमचा इकडेही आहे आणि तसाच एक तिकडेही. दोन लंगडे एकाच वर्षी कधी पाहिले नव्हते.

बायकोने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"किती वर्षं हे असं करताय?" तिने विचारलं.

"कसं?"

"त्यांना पुढे घालून नेताय ते. तुमची नाव लव्हाळ्याबाहेर आली की त्या सगळ्या उठतात आणि तुमच्या पाठीमागून निघतात कमरेकडे. तुमच्या आधी तिकडे जाऊन बसतात. तुम्ही परत यायला निघालात की त्याही कडेकडेने परत. आत्ता बघा, आल्यातच सगळ्या. अहो, त्या दुसऱ्या कुणी नाहीत. ह्याच त्या."

तो हसला. ती हसली नाही. तेव्हा त्याने तोंडातला चहाचा घोट गिळला आणि लव्हाळ्याकडे पाहिलं. लंगडा चमचा काठाशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने नाव बांधूनच ठेवली. दोन्ही डबे मुद्दाम घेतले, सूर्याचा बायकोच्या हातात दिला आणि अंधारातच सायकलवरून रस्त्याने पश्चिमेचा काठ गाठला. दुपारपर्यंत तो तिथे बसून होता. एक खंड्या आला, दोन पाणकावळे आले. कोऱ्या डब्यात एकही खडा पडला नाही. तो परत आला तेव्हा बायको मनोऱ्यावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने तीनदा मोजलं होतं. तीनशे एकोणीस, तीनशे एकवीस, तीनशे एकोणीस.

सव्वीस वर्षांचे सगळे आकडे दुप्पट होते.

तिसऱ्या दिवशी तो मॅडमच्या कार्यालयात गेला. खोलीत प्लास्टिकच्या बादलीत नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या, खुर्चीच्या पाठीला टॉवेल, टेबलावर आराखड्याची छापील प्रत, जाडजूड, अजून शाईचा वास येणारी. त्याने दोन्ही डबे त्या प्रतीशेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. मधेच मॅडमनी उठून दार लावून घेतलं. ऐकून झाल्यावर त्या कितीतरी वेळ त्या कोऱ्या झाकणावरून बोट फिरवत राहिल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्या समजावून सांगायला लागल्या, हळूहळू, जणू स्वतःलाही. खरा आकडा लिहिला तर तो पाचशेच्या खाली. म्हणजे यादीतून नाव गेलं. म्हणजे पूर्व तर जातेच, वर पश्चिमही जाते, आणि वरच्यांना हवं होतं तसं अख्खं तळं त्यांच्या हातात पडतं.

मोजणीदाराला एकदम काहीतरी आठवलं. त्याने विचारलं, की पाचशे हा आकडा आला कुठून? मॅडमनी जुनी फाईल काढली. तो त्याच्याच पहिल्या वहीतून आला होता. त्या वर्षी एक हजार चार चमचे भरले होते. त्याच्या निम्म्याखाली पक्षी गेले तर अभयारण्य ठेवण्यात अर्थ नाही, असं तेव्हाच्या साहेबांनी ठरवलं होतं. म्हणजे तोही दुप्पटच. मोजणीदार पुढे सरकून बसला. या तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला आशेची धुगधुगी आली. "मग पाचशेचेही निम्मे करा, मॅडम. अडीचशे करा. आपले तीनशे एकोणीस आहेत."

"काका, पाचशे कायद्यात लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "तुमची चूक कायद्यात लिहिलेली नाही."

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. आठवडाभर त्या वरच्या मजल्यावर खेटे घालत होत्या. वरून उत्तर आलं, की आराखडा छापून झालाय, पुढचा आढावा दहा वर्षांनी आहे, सुधारणा तेव्हा सुचवावी. तोवर शुक्रवारी मोजणीचा कागद सहीसह हवा. आकडा कुठला तो मोजणीदाराने ठरवावा, ते त्याचं काम.

शुक्रवारी तो पुन्हा मॅडमच्या टेबलाशी बसला. समोर कागद होता.

"आहे तोच आकडा ठेवला तर?"

"तर पश्चिम राहील."

"आणि पक्षी?"

"आराखड्यात पाच वर्षं धरलीत. लव्हाळं वाढेल, मग..."

"मॅडम, मी पक्ष्यांचं विचारतोय."

मॅडमनी नकाशाकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की काय, त्याने नीट पाहिलं नाही. त्याने सहाशे एकतीस लिहिलं, अक्षरातही लिहिलं आणि खाली सही केली. सव्वीस वर्षं तो चुकीचा आकडा लिहीत आला होता, पण खोटं कधी लिहिलं नव्हतं.

घरी बायकोने त्याच्या हातातले डबे घेतले आणि कपाटावर ठेवले, झाकणं भिंतीकडे करून.

उन्हाळ्यात डंपर आले. आधी लव्हाळं कापलं, मग माती पडायला लागली. मोजणीदाराची ड्युटी आता पश्चिमेच्या काठावर होती, पण वारा पूर्वेचा असला की डंपर रिकामा होतानाचा आवाज त्याच्या कमी ऐकणाऱ्या कानालाही ऐकू यायचा. पश्चिमेला आराखड्याप्रमाणे लव्हाळ्याची रोपं लावली, एकेक हातावर, सरळ ओळींत, शाळेच्या कवायतीसारखी. पाणी तिथे फार खोल होतं. निम्मी रोपं महिन्यात पिवळी पडली. चिखलाची बेटं लाटांनी विरघळून गेली.

थंडी पडली तसे चमचे आले. पूर्वेला उतरले. त्यांना आराखडा कुणी दाखवला नव्हता. ओल्या भरावावर, रोलरने दाबलेल्या मातीच्या कडेला, रांगेत उभे राहिले, लव्हाळं होतं त्या बाजूला तोंड करून. मजुरांनी पहिले दोन दिवस काम थांबवलं, मग मुकादमाने हॉर्न वाजवत गाडी फिरवायला सांगितली. पक्षी उठायचे, एक चक्कर मारायचे, पुन्हा तिथेच. मोजणीदार रोज सायकलवरून जायचा आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा. आठव्या दिवशी त्याने लंगड्याला पाहिलं. दहाव्या दिवशी भरावावर कुणीच नव्हतं. कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही, आणि विचारणार तरी कुणाला.

मोजणीची सकाळ उजाडली. आता एकच डबा लागणार होता, कोरा. मोजणीदार नावेत उलटा बसला, जायचं त्या दिशेला तोंड करून. असं वल्ही ढकलत जायला फार कष्ट पडतात, खांदे भरून येतात, नाव वाकडी जाते. पण त्याला समोर बघायचं होतं. सगळ्या पाण्यातून तो फिरला. पुढे काही उठलं नाही. काठाशी येऊन त्याने डबा हलवून पाहिला, जणू आपण विसरून एखादा खडा टाकला असेल.

दुपारी चौकीतला फोन वाजला. मॅडम होत्या. आवाज बसलेला होता. पलीकडे कारकून खोकत असल्याचं ऐकू येत होतं, पण विनोद काही आला नाही. किती भरले ते त्यांनी विचारलंच नाही.

"काका, शून्य लिहू नका. शून्य लिहिलंत तर पश्चिमही जाईल. धुकं होतं असं लिहा. धुक्यामुळे मोजणी झाली नाही, असं. एवढं एक वर्ष चालतं ते."

"आणि पुढच्या वर्षी?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बायको त्याचा डबा घेऊन आली होती, जेवणाचा. चौकीच्या दारात उभी राहून ती पाण्याकडे बघत होती. मोजणीदाराने सत्ताविसावी वही उघडली आणि तारीख घातली. तिने मागून वाकून वाचलं.

"धुकं?" ती म्हणाली. "कुठाय धुकं?"

समोरचा काठ लख्ख दिसत होता. त्यापलीकडे गोदामाचा पहिला पत्राही उन्हात चमकत होता. मोजणीदाराने वाक्य पूर्ण केलं, खाली सही केली आणि वही मिटली.