प्रुइटचा ब्लोअर

१९६१ च्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी आम्ही सेमीफायनल जिंकली, आणि जिंकता जिंकताच आमच्या इंजिनावरचा ब्लोअर उडाला.

सुपरचार्जर हा त्याचा पुस्तकी शब्द. आम्ही सगळे ब्लोअरच म्हणायचो. बसच्या डिझेल इंजिनावरून काढलेला ॲल्युमिनियमचा जाडजूड पंप. आत दोन रोटर एकमेकांना न शिवता गरगरतात आणि इंजिनाच्या घशात बळजबरीने हवा कोंबतात. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून धडाका जास्त. पाव मैल सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, नऊ सेकंदांत निकाल. त्या नऊ सेकंदांसाठी आम्ही आठवडाभर राबायचो.

गाडी चालवायचा माझा नवरा डेल्मर. इंजिन माझं. बेकर्सफील्डच्या बाहेर, कापूस वेचणारी यंत्रं दुरुस्त करण्याच्या माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मी लहानाची मोठी झाले होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दर रविवारी कुणीतरी माझ्या हातातला पाना बघूनसुद्धा प्रश्न डेल्मरलाच विचारायचं. तो म्हणायचा, "मला काय विचारता? मी फक्त पाय दाबतो."

तर सेमीफायनल. डेल्मरने रेषा ओलांडली आणि फाडकन आवाज झाला. इंजिनावरून हातभर जाळ उठला, ब्लोअर बोल्ट तोडून वर उचलला गेला आणि तिरका होऊन लटकला. वेग आवरणारी मागची छत्री उघडली, गाडी थांबली. मी धावत पोचले तेव्हा डेल्मर बाहेर येऊन उभा होता. भुवया जळालेल्या, बाकी धड.

"गेला का गं?" त्याने विचारलं.

ब्लोअरच्या कवचाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर होती. "गेला," मी म्हटलं.

दुसरा आमच्याकडे नव्हता. म्हणजे फायनलमध्ये ओर्व्हल प्रुइट एकटाच पळणार आणि करंडक घेऊन फ्रेस्नोला जाणार. हा प्रुइट पंचावन्न वर्षांचा, मालट्रक चालवणारा, तोंडाने फटकळ माणूस. आमच्या गाडीला तो शिवणयंत्र म्हणायचा. डेल्मरला त्याचा मनापासून राग यायचा.

मी हत्यारं पेटीत भरत होते, तेवढ्यात त्याचा ट्रक आमच्याजवळ येऊन उभा राहिला. प्रुइट उतरला, मागची फळी पाडली आणि जुन्या लष्करी कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी कण्हत कण्हत आमच्या टेबलावर आणून आदळलं. सँडविचेस खाली पडली.

कांबळ्यात ब्लोअर होता.

"मिस्टर प्रुइट, हे काय?"

"दिसत नाही? गेल्या वर्षी हाच वापरत होतो. लाव."

डेल्मर म्हणाला, "पण फायनल तुमच्याशीच आहे."

"मग? एकट्याने पळायला मी काय इथे व्यायामाला आलोय? तासभर आहे. शर्यत सोडणाऱ्या त्या झेंडेवाल्याला मी सांगून आलोय. बघत काय उभा राहिलास, बोल्ट काढ!"

मग आम्ही जे काम केलं, तसं मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. हवा आत सोडणाऱ्या एका इनटेक व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि जाळ उलटा वर गेला, असा तो प्रकार. व्हॉल्व्ह नशिबाने वाकला नव्हता. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरली, पिस्टन वर आणून ती दाबून धरली, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही, आणि वरच्या वर स्प्रिंग बदलली. प्रुइटची माणसं तुटलेले बोल्ट उपटत होती. सेमीफायनलला ज्याला आम्ही हरवलं होतं, तोही येऊन गॅस्केट कापत बसला. पत्रा हात लावू देत नव्हता इतका तापला होता. कुणीतरी माझ्या मानेवर बर्फाचं पाणी ओतलं, मी वर बघितलंसुद्धा नाही.

ब्लोअर बसला. पट्टा चढवताना माझ्या लक्षात आलं.

"मिस्टर प्रुइट, ही पुली आमच्यापेक्षा लहान आहे. ब्लोअर खूप जोरात फिरेल."

"घाबरलीस?"

"नाही. इंधन कमी पडेल. पिस्टन वितळतील."

"मग ते तू बघ, पोरी. इंजिन तुझं आहे."

आमच्या गाडीत जादा इंधन एका बारीक भोकातून टाकीत परत जायचं. ते भोक लहान केलं, तर तेवढं इंधन इंजिनात जास्त जाणार. पण किती लहान? सांगायला कुणी नव्हतं. ते भोक ज्यात होतं तो पितळी तुकडा मी इंधनापासून लांब, ट्रकमागे नेला, डाख देऊन भोक बुजवलं, आणि पेटीतल्या सगळ्यांत बारीक ड्रिलपेक्षा एकच नंबर जाड ड्रिलने नवं भोक पाडलं.

"टिकेल का?" डेल्मरने हेल्मेट चढवता चढवता विचारलं.

"नऊ सेकंद टिकलं पाहिजे."

"मग ठीक आहे."

आमची स्टेशन वॅगन मी चालवत होते. तिने गाडीला मागून ढकललं, डेल्मरने क्लच सोडला आणि इंजिन पेटलं. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खाली गडगडाट आणि त्याच्या वर ब्लोअरची किंचाळी. इंधनातल्या नायट्रोच्या वाफेने डोळ्यांतून धारा लागल्या. छातीचं हाड हलत होतं.

झेंडा वर उडाला.

दोघांची चाकं एकदमच पेटल्यासारखी धुरात गेली. सगळा पाव मैल धूर! गाड्या दिसतच नव्हत्या, फक्त दोन किंचाळ्या लांब जात होत्या, आणि त्यांतली आमची वर चढत होती, अजून वर, अजून वर. मी वॅगनच्या टपावर उभी राहून घसा फोडत होते. काय ओरडले, देवाला ठाऊक.

अर्ध्या गाडीच्या अंतराने जिंकलो. वेळेच्या चिठ्ठीवर आठ सेकंद बाहत्तर शतांश. नऊच्या आत आम्ही कधी गेलोच नव्हतो. डेल्मर चष्म्यापासून हनुवटीपर्यंत तेलाने काळा झाला होता आणि नुसताच हसत होता.

प्रुइट हेल्मेट काखेत मारून चालत आला. "माझ्याच ब्लोअरने माझं नाक कापलंत!" तो डेल्मरच्या पाठीत रट्टा घालत म्हणाला. मग माझ्याकडे वळला, आवाज खाली आणला. "भोक केवढं पाडलंस गं?"

डेल्मर त्याच्या मागून मला डोळ्यांनी नको नको म्हणत होता. मी ड्रिलच सांगितलं, नंबरसकट.

"बरं," प्रुइट म्हणाला. "ब्लोअर उतरवत बसू नकोस. दुसरा मिळेपर्यंत ठेव."

पुढच्या रविवारी त्याने आम्हांला पूर्ण एका गाडीने हरवलं, माझ्याच नंबरच्या भोकाने, आठ सेकंद पासष्ट शतांशात. आणि मी? मी पुन्हा वॅगनच्या टपावर चढून टाळ्या पिटत होते. डेल्मरने परत येताना ते पाहिलं.

"बाई, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

मी खाली उडी मारली आणि इंधन कसं जळलं ते कळावं म्हणून प्रुइटच्या इंजिनाचे प्लग बघायला पळाले.