चौकाची किनार

विमलाने बांबूच्या काडीचं टोक दाताखाली चेचलं, तांदळाच्या पिठात बुडवलं आणि ती भिंतीजवळ गेली. मागे पाड्यातल्या बायका बसल्या होत्या.

“हिला काढू द्यायचा?” मितेशच्या मावशीने विचारलं. हळू विचारलं, असं तिला वाटलं असावं.

फुलपाड्यामागच्या त्या पाड्यात मितेशचं लग्न होतं. त्याने हौसेने घराला आकाशी रंग दिला होता. लग्नाचा देवीचा चौक चितारायला एक भिंत तेवढी गेरूने सारवली होती. चौक सवाशिणींनीच काढायचा, विधवेचा हात त्याला चालत नाही. मितेशची आत्या विमला, तिच्यासारखी रेघ पाड्यात कोणाची नव्हती. पण तिचा नवरा शंकर पाचूबंदरच्या बोटीवर खलाशी होता, आणि बोट परवाच यायला हवी होती. तिचा भाऊ जयवंत सकाळपासून बंदरावर बसून होता, खबर लागली की फोन करणार होता.

“कपाळाला कुंकू हाय ना तिच्या? मंग!” म्हातारी धवलेरी म्हणाली. लग्न लावणार होती तीच. “पन बाय, काडी धरली का मधी उठायचा नाय. अर्धा चौक म्हंजे अर्धा लगीन.”

“उठते कशाला? माजा चा पिऊन टाकाल तुम्ही.”



धवलेरीने गाणं धरलं. चौक पुरा होईतो गाणं, गाणं संपलं की काडी खाली. देवीचे दोन त्रिकोण उभे राहिले. बाजूला फणी, शिडी, सूर्य, चंद्र. विमलाची रेघ कुठे हलली नाही. पीठ मात्र दोनदा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

शेवटची किनार राहिली होती, तेव्हा मितेशच्या आईच्या हातातला फोन वाजला. ती तो घेऊन अंगणात गेली. बऱ्याच वेळाने दारात आली, ती आत येईना.

“कोनाचा गं?” मावशीने विचारलं.

“कंपनीवाल्यांचा, रिचार्ज संपला म्हनून,” ती म्हणाली, आणि तिने पदर तोंडावर दाबला.

विमलाने मागे वळून पाहिलं नाही.

धवलेरी शेवटच्या कडव्यावर आली होती. तिने एकदा दाराकडे पाहिलं, खाकरून घसा साफ केला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. एकेक करत बायकांनी आवाज मिळवला, मावशीनेही.

विमलाने काडी पिठात बुडवली, आणि पुऱ्या झालेल्या किनारीबाहेर आणखी एक किनार आखायला घेतली.