पाटीचा कोपरा

"चौरस आयत नसतो, मॅडम," इंद्रभान गुरुजी उभे राहून ठणकावून बोलले. "सव्वीस वर्षं हेच शिकवून राह्यलो मी."

तालुक्याच्या प्रशिक्षणाला साठेक मास्तर जमले होते. शिकवणारी बाई गुरुजींच्या लेकीच्या वयाची. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, आयताची व्याख्या सांगता?"

झोपेतून उठवलं तरी गुरुजींना ती आली असती. "ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन असतात, तो..." आणि ते तिथेच अडकले. कोन तर चौरसाचेही काटकोनच. म्हणजे प्रत्येक चौरस आयतच. चारही बाजू सारख्या, एवढंच त्याचं जास्तीचं. दरवर्षी पोरांकडून घोकून घेतलेलं वाक्य त्यांनी स्वतः कधी ऐकलंच नव्हतं. कोणी हसलं नाही. गुरुजी मटकन खाली बसले. त्यांना त्यांची जुनी विद्यार्थिनी आसरा आठवली.

अठरा वर्षांपूर्वी मेंढ्या राखणाऱ्या बिरूची ही लेक त्यांच्याकडे चौथीत होती. गुरुजींनी कापून आणलेल्या पुठ्ठ्याच्या चौरसाला तिनं चारही कोपऱ्यांत आपल्या पाटीचा कोपरा लावून पाहिला.

"गुर्जी, बराबर बसून राह्यला. मंग ह्यो बी आयतच की."

वर्ग हसला. पोरगी आपल्याला खोटं पाडते म्हणून गुरुजींचं डोकं फिरलं. त्यांनी तिला डोक्यावर पाटी देऊन दुपारभर उन्हात उभी केली. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. "हिला गणित जमायचं न्हाई," असं बिरूला गुरुजींनीच सांगितलं, आणि बिरूनं चौथीनंतर तिचं नाव शाळेतून काढून घेतलं.

आसरा गावातच दिलेली. तिची उषा आता गुरुजींच्याच वर्गात होती. परतताना एसटीत गुरुजींनी एक पळवाट शोधून ठेवली: पुस्तक बदललं, असं सांगायचं. अब्रूही राहील, गणितही सुधारेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "चौरस आयत असतो का?"

"न्हाई गुर्जी," उषा पटकन उठली. "मायनं सांगितलंय. ती चुकल्ती, तवा तुमी तिला बराबर शिकिवलं म्हनं."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळवाट त्यांच्या तोंडून निघेना.

संध्याकाळी ते आसराच्या दारात गेले. तिनं लगबगीनं ओट्यावर घोंगडी अंथरली. "बसा ना, गुर्जी."

गुरुजी बसले नाहीत. "आसरा, तुझं तवा बरोबर होतं. चौरस आयतच असतो. चूक माझी होती."

"असू द्या, गुर्जी. पुस्तक बदललं असंल."

मनात लपवलेली पळवाट तिनंच पुढे केली होती. गुरुजींची मान खाली गेली. "पुस्तक न्हाई बदललं. तवा बी हेच होतं."

आसरा हळू म्हणाली, "मंग मला उगंच उभं केल्तं का, गुर्जी?"

"हो."

तिनं उषाच्या दप्तरातून पाटी काढली. ओट्यावर एक चौरस फरशी बसवलेली होती, तिच्या कोपऱ्याला पाटीचा कोपरा लावला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथा कोपरा बसला तेव्हा तिनं पाटी तिथंच दाबून धरली, आणि वर पाहिलं नाही.

घोंगडी रिकामी होती. गुरुजी उभे होते. आता तिनं बसा म्हटलं नाही.