घड टाकायचा

"अक्का, तुमचं डोकं फिरलंय," मी धनकुंवरअक्कांना तोंडावर सांगितलं. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही असोद्याच्या सहा बाया घामाघूम उभ्या होतो. पदर खोचलेले, हात वर, डोक्यावर केळीचा घड. घड नव्हताच म्हणा, पण आहे असं धरायचं होतं.

अक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. जळगावच्या मारवाडी कापडवाल्याची लेक. विशीत बडोद्याला नाच शिकायला गेल्या आणि परत आल्या त्या घुंगरू सोडूनच. गाणं नाही, नटणं नाही. पहिला नाच बसवला कशाचा, तर बाप दुकानात गजानं कापड मोजतो त्याचा! बाप वर्षभर बोलला नाही. लोकांनी नावं ठेवली. बाई हटली नाही. माणसं काम करताना कशी वाकतात, कशी चालतात, तेच बघायचं आणि तेच नाचात आणायचं, असं पन्नास वर्षं चाललं. सुरुवातीला धुळ्याच्या कार्यक्रमाला म्हणे अकरा माणसं होती. आता लांबलांबून पोरी शिकायला येतात. पण गुडघे गेले होते, आणि हा आपला शेवटचा नाच असं त्यांनीच सांगितलं होतं.

नाच आमचाच, केळी वाहणाऱ्या बायांचा. ओळीनं चालायचं आणि शेवटी सहाही जणींनी घड धाडकन खाली टाकून ताठ उभं राहायचं.

"ते टाकणं म्हणजेच नाच आहे, मंदा. बाकी नुसती तयारी," अक्का मला बजावायच्या.

आणि नेमकं तेच जमेना. दीड महिना झाला, टाकायची वेळ आली की आमचे गुडघे वाकायचे, हात सावकाश खाली यायचे. आमच्यातली लताबाई तर खाली पानं अंथरायला लागायची. घडाला डाग पडला की व्यापारी घेत नाही आणि मुकादम आईबाप काढतो. तीस वर्षं हेच केलेलं अंग, ते ऐकतंय होय!

"जन्मभर दुसऱ्याचा माल वाहिला, एकदा तरी फेका!" अक्का ओरडल्या.

माझं डोकं सटकलं. "फेका म्हणायला काय जातं? तुम्ही नुसतं बघितलंय. वाहिलाय कधी?" असं म्हणून मी चपला घातल्या. बाकीच्या पाच जणीही माझ्या मागं निघाल्या. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता.

तिसऱ्या दिवशी आमची कापणी चालू होती, तर बांधावर अक्कांच्या भाचीची स्कूटर थांबली. मागून अक्का उतरल्या. पदर खोचून सरळ माझ्यासमोर उभ्या.

"दे घड."

"व माय! मराल ना!"

"दे म्हणते ना."

मी त्यांच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली, त्यातल्या त्यात लहान घड निवडला आणि दिला. बाई चालायला लागली. अगदी आमच्यासारखी, मान स्थिर, पाय चाचपत. दहा पावलांत माझा राग कुठल्या कुठं गेला. पण पाटाशी त्यांचा गुडघा लचकला. शहाण्या माणसानं घड सोडला असता. अक्कांनी तो कवटाळला आणि त्याच्यासकट कडेला पडल्या. मनगट अंगाखाली आलं. मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"टाकताच आला नाही गं, मंदा," त्या कळवळत म्हणाल्या. "पन्नास वर्षं बघत होते, मला काहीच कळलं नव्हतं. तुम्ही ठेवता तसाच ठेवा. शेवट बदलला मी."

भूषण मुकादम धावत आला. आधी घडाकडं बघितलं मेल्यानं. म्हणाला, "चला, डाग नाही पडला."

मी त्याला असा झाडला, की बठ्ठी माणसं, एकूण एक, काम सोडून बघायला लागली. मग मी अक्कांजवळ मातीत बसले आणि जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तेवीस वर्षांची होते, सातवा महिना. अशीच पडले, घड पोटावर घेतला. तेव्हाचा मुकादमही हेच बोलला होता, वर शाबासकी दिली. संध्याकाळपर्यंत माझी पोरगी गेली. मी रडले नाही. महिना उलटायच्या आत पुन्हा कामावर होते. अक्कांनी धड असलेल्या हातानं माझा हात धरला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सोडला नाही.

कार्यक्रमाला जळगावचा हॉल भरला होता. आम्ही ओळीनं चाललो. शेवट आला. पाचही जणी वाकल्या, घड अलगद खाली ठेवायला लागल्या. मीही वाकणार होते. कडेला अक्का बसल्या होत्या, हाताला प्लास्टर. त्यांच्याकडं बघितलं आणि मी वाकलेच नाही.

दोन्ही हात झटकले. टाच अशी हाणली की मंचाच्या फळ्या हादरल्या.

"जाऊ दे घड!" नाचात बोलायचं नव्हतं, तरी निघालं तोंडातून.

मग माझे रिकामे हात आपोआप पोटावर आले, आणि मी तिथंच, साऱ्या लोकांसमोर, त्या पोरीसाठी पहिल्यांदा रडले.