पानांची चमकी

माझ्या तोंडात दात दोनच, पण एकतीस वर्षांत एकही हलला नाही. मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पंच आहे, कागदाला भोकं पाडणारा. कारखान्यातून निघालो तो थेट एका कचेरीत, हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर जाऊन बसलो. साहेबांचं काम कसं चोख! कागद बरोबर मध्यावर दुमडायचा, समास मोजायचा आणि मगच माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. एखादं भोक तिरकं पडलं, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. बाकीचे लोक मला नुसते बुक्के मारायचे. साहेब मात्र दर शनिवारी माझ्या स्प्रिंगला तेलाचा थेंब घालत.

पुढे कचेरीत संगणक आले, साहेब निवृत्त झाले आणि मी भंगारात निघालो. साहेबांनी मला रुमालात गुंडाळून घरी नेलं. तिथे बटणांच्या डब्याशेजारी मी दोन वर्षं नुसता पडून होतो. रिकामं बसणं फार वाईट, मित्रांनो.

साहेबांच्या गल्लीत दरसाल कार्निव्हल निघतो. मुखवटे, ढोल, नाच आणि वरून मुठीमुठीने उधळलेली चमकी. ती प्लॅस्टिकची. उडताना छान दिसते, पण खाली पडली की फरशीच्या फटींत जाऊन बसते. गल्ली झाडणाऱ्या मावशी गेल्या साली अकरा दिवस गुडघ्यांवर बसून जुन्या चमच्याने ती उकरत होत्या. पंधरा वर्षं त्या इथे झाडतात, पण कार्निव्हलमध्ये एकदाही नाचल्या नव्हत्या.

"मावशी, तुम्ही का हो येत नाही नाचायला?" साहेबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, एकदा विचारलं.

"कशी येऊ, काकू? वरून एकेक तुकडा पडताना बघते, आणि माझे गुडघे आधीच रडायला लागतात."

साहेब गॅलरीत उभे होते. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः तीन पाकिटं उधळली होती. त्यांचा चेहरा पडला. खाली उतरून ते म्हणाले, "यंदा प्लॅस्टिक बंद. यंदा तुम्ही नाचायचं, मावशी. हा माझा शब्द."

साहेबांचा शब्द म्हणजे सहीशिक्क्याचा कागद! युक्ती काकूंनी काढली. झाडांची गळलेली पानं पंचने कापायची आणि पडतील ते गोल तुकडे उधळायचे. माझं तेलपाणी झालं, पहिलं पिवळं पान तोंडात आलं आणि मी 'कर्रक' केलं. कागदाला काही चवच नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

महिनाभर आम्ही राबलो. पण साहेब पडले जुने हेडक्लार्क. त्यांनी तुकड्यांची रंगवार वर्गवारी केली, ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधले, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सगळं लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं. "अहो, पानं अजून ओलसर आहेत, उघडी राहू द्या," काकू म्हणाल्या. "मोकळं पडलेलं मला चालत नाही," साहेब म्हणाले.

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी सकाळी कपाट उघडलं आणि कुबट वास आला. सगळ्या पिशव्यांत बुरशी! काळा लगदा झाला होता. साहेब एकेक पिशवी उघडून बघत राहिले. मलाही फार वाईट वाटलं. उत्सवाचे सेक्रेटरी आले होते. ते म्हणाले, "जाऊ द्या काका, मी चमकीची पाकिटं मागवतो. वर्षातून एकदा तर असतं."

"मी शब्द दिलाय हो," साहेब एवढंच म्हणाले.

तेवढ्यात झाडू घेऊन मावशी दारात आल्या. त्यांनी पिशवीत डोकावलं आणि चक्क हसल्या. "साहेब, कपाटात कागद ठेवतात. पानांना वारा लागतो." मग त्यांनी आपल्या गाडीवरून तीन पोती आणली. झाडांच्या खतासाठी जमवलेली, उन्हात हलवून हलवून वाळवलेली पानं होती ती. "घ्या. नाचून झालं की परत झाडाखालीच जायचीत."

त्या दिवशी सगळी गल्ली घरोघरचे पंच घेऊन साहेबांच्या अंगणात बसली. तिरकं पडो, अर्धं पडो, साहेब काही बोलले नाहीत. दुपारी माझी स्प्रिंग तुटली. तेव्हापासून प्रत्येक वेळी साहेब माझं तोंड बोटांनी उघडत होते. त्यांच्या तळहाताला फोड आले. असा मालक मिळायला भाग्य लागतं!

दुसऱ्या दिवशी मला खिडकीत ठेवलं होतं. ढोल वाजू लागले. पिवळी, तांबडी, तपकिरी पानं भुरभुर खाली येत होती. मावशी मात्र सवयीने कोपऱ्यावर झाडू घेऊन उभ्या होत्या. साहेब गर्दीतून तिथवर गेले, त्यांनी मावशींच्या हातातला झाडू घेतला आणि त्यांच्या जागी उभे राहिले.

"जा तुम्ही. इथे मी आहे."

मावशींनी दोन पावलं टाकली, चाचपडत. मग चार. मग डोळे मिटून दोन्ही हात वर केले आणि अशा काही नाचल्या, की ढोलवाल्यांनाही घाम फुटला. नंतर साहेबांनीच गल्ली झाडली. झाडू त्यांना नीट धरताही येत नव्हता, तरी अर्ध्या तासात सगळी पानं झाडांच्या आळ्यांत गेली.

मित्रांनो, उत्सव जरूर करा, वाजतगाजत करा. फक्त काहीही उधळण्याआधी स्वतःला विचारा, हे उचलणार कोण? आणि ते माणूस आपल्यात नाचतंय ना, तेवढं मान वळवून बघा.