बारीक चमक

भाचीनं तेविसावा फोटो काढला, कॅमेऱ्याचा पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मावशीचे डोळे मिटलेले. तेवीसच्या तेवीस!

"अगं मावशे, डोळे उघडे ठेवायला काही कष्ट पडतात का?"

"उघडेच तर ठेवले होते गं."

मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. ऑपरेशन झालेली माणसं भूल उतरेपर्यंत ज्या खोलीत असतात, तिथे चौतीस वर्षं उभी. उद्या निवृत्ती. जिन्याजवळच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या मोठ्या सिस्टरांचे फोटो ओळीनं लागलेले, आणि तिच्यासाठीचा खिळा कालच ठोकून झालेला. फोटो चार वाजेपर्यंत फ्रेमवाल्याकडे पोचायला हवा होता, आणि तीन कधीच वाजून गेले होते.

"चौतीस वर्षं जागून काढली, आता भिंतीवर झोपा काढते," मावशी हसून म्हणाली. पण तिला तो फोटो फार हवा होता. आवाजच सांगत होता.

आता या भाचीची तऱ्हा ऐका. लग्नसमारंभाचे फोटो काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. फ्लॅश नवा, सगळं आपोआप ठरवणारा, म्हणून बाई नाकावर माशी बसू देत नव्हत्या. घरातल्या प्रत्येक समारंभात तिच्या कॅमेऱ्यात मावशीचे डोळे मिटायचे, आणि दरवेळी बोलणी खायची मावशीनंच.

"जाऊ दे. ओळखपत्रावरचा जुना लावू देत त्यांना," मावशी उठत म्हणाली. "पण एक सांगू? तुझा तो दिवा दोनदा लागतो. आधी बारीक, मग मोठा. बारीक लागला की माझ्या पापण्या पडतात."

"काहीतरीच तुझं! एकदाच लागतो. मी रोज वापरते."

"तू त्याच्या मागं असतेस, बाळा. पुढं मी बसलेय."

भाचीनं तोंड वाकडं करत कॅमेरा मावशीच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसली. "दाब."

मावशीनं दाबलं. आणि खरंच की हो! आधी एक बारीकशी चमक, लगोलग दुसरी मोठी. पहिली चमक खोलीचा अंदाज घेते, किती उजेड टाकायचा ते ठरवते, आणि मग फ्लॅश खरा पेटतो. भाचीला हे शिकवलेलं होतं, पण मागून कधी दिसलं नाही म्हणून डोक्यातून साफ गेलं. बाकीच्यांच्या पापण्या आळशी, मावशीच्या चपळ, एवढाच काय तो फरक. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं फ्लॅशचं आपोआप बंद करून तो मॅन्युअलवर टाकला. आता बारीक चमक नाही, पण उजेडाचं माप तिलाच काढायचं होतं. छत पांढरं, उजेड त्यावर आपटून मऊ होऊन खाली येईल, म्हणून फ्लॅशचं तोंड वर केलं. शटर एकशेपंचवीस, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चारशे, फ्लॅशची ताकद पाव. खुर्चीत उशी उभी करून तिला मावशीची टोपी घातली. पहिल्या फोटोत उशी काळवंडली. फ्लॅशची ताकद पावावरून निम्म्यावर चढवली, तर टोपी इतकी पांढरीफटक की घड्याच दिसेनात. मग ताकद पुन्हा पाव आणि आयएसओ जरासा वर. घड्या दिसल्या.

"उशी झकास आलीय. तिलाच लावा," मावशी म्हणाली.

"बस गपचूप. डोळ्यांचं काहीच करू नकोस."

एकच फोटो काढला. भाचीनं पडदा पाहिला, आणि कॅमेरा मावशीपुढे धरला. डोळे उघडे होते, टक्क, जरा हसरे, समोरच्याकडे वाकून पाहणारे.

"मावशी, चूक माझी होती. इतकी वर्षं उगाच तुला बोलले गं."

मावशीचं लक्षच नव्हतं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडदा जवळ घेतला.

"शुद्धीवर आल्या आल्या माणसांना हेच दिसायचं होय गं?" ती म्हणाली. "मग बरं होतं की त्यांचं."